एका दुखण्याला आराम हवा, दुसऱ्याला वजन: पळणाऱ्यांनी डॉक्टरकडे कधी आणि कशासाठी जावं

माझी टाच सात महिने दुखत होती, तरी मी ती कुणाला दाखवली नाही. बार्शीचा माझा भाचा पोलीस भरतीच्या तयारीत आहे. त्याची नडगी दीड महिना दुखत होती, त्यानेही ती धड कुणाला दाखवली नाही. मी दर वेळी पंधरा दिवस पळणं बंद करायचो, दुखणं थांबायचं, पुन्हा सुरू केलं की तिसऱ्या दिवशी परत हजर. त्याने एक दिवसही बंद केलं नाही, कारण ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, जवळ आलं होतं. पुढे कळलं ते असं, की आम्ही दोघांनी एकमेकांचा उपाय केला होता. मला पळणं पूर्ण बंद करायची गरज नव्हती, आणि त्याने ते पहिल्याच आठवड्यात बंद करायला हवं होतं.

आपल्याला कुठे दुखतंय ते कळतं, काय दुखतंय ते कळत नाही. पायात हाड आहे, स्नायू आहेत, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या जाड दोऱ्या आहेत, सांधे आहेत, नसा आहेत. मेंदूपर्यंत पोचतं ते एकच, ‘इथे दुखतंय’. आणि यातल्या प्रत्येकाचा उपचार वेगळा, कधी कधी तर अगदी उलटा. जाणकार माणसाकडे जायचं ते मुख्यतः एवढ्यासाठी. मालिश, शेक, गोळी हे सगळं घरबसल्या होतं; दुखणाऱ्या गोष्टीचं नाव घरबसल्या कळत नाही.

आधी भाच्याचं सांगतो, कारण ते जास्त धोक्याचं होतं.

हाड दगडासारखं असतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते सतत नव्याने बांधलं जात असतं. पळताना पडणाऱ्या भाराने त्यात बारीक बारीक तडे जातात. मग जुनं हाड खाऊन टाकणाऱ्या पेशी तिथे येतात, तेवढा भाग खरवडून काढतात, आणि त्यांच्यामागून नवं हाड घालणाऱ्या पेशी भराव टाकतात. घोळ वेळेचा आहे. खरवडायचं काम साधारण तीन आठवड्यांत उरकतं, भराव पक्का व्हायला तीन महिन्यांच्या आसपास लागतात. पुण्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको: रस्ता खोदला जातो एका रात्रीत, बुजवला जातो सवडीने. फरक इतकाच, की इथे खोदलेल्या रस्त्यावरूनच वाहतूक चालू असते. मुलगा रोज पहाटे डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, सोळाशे मीटर वेळ लावून मारतोय, वर शंभर मीटरचे स्टार्ट, वर उड्या. खड्डा बुजायच्या आत नवा खड्डा. तड्यांची शेवटी एक रेघ होते, तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

हे दुखणं भरतीच्या मुलांइतकंच सैन्याच्या ओळखीचं आहे. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने लांब कवायती करणाऱ्या शिपायांचे सुजलेले, दुखरे पाय नोंदवून ठेवले. मार लागलेला नाही, पडलेले नाहीत, मग पाय का सुजतात? क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये, आणि दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, अशा पायांच्या एक्स-रेत पंज्याची हाडं मोडलेली दिसली. म्हणजे चार दशकं डॉक्टरांनाही नुसतं ‘दुखतंय’ एवढंच माहीत होतं.

भाच्याने तिसऱ्या आठवड्यात एक्स-रे काढला होता, हे मला नंतर समजलं. ‘काही नाही’ असं सांगून कॅल्शियम आणि वेदनाशामक गोळ्या देऊन त्याला घरी पाठवलं. त्याने त्याचा अर्थ ‘पळायला हरकत नाही’ असा लावला. आता हे नीट लक्षात घ्या: स्ट्रेस फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, साध्या एक्स-रेत दिसतच नाही. तडा केसाएवढा असतो. एक्स-रेत उमटतो तो त्याच्याभोवती तयार होणारा नव्या हाडाचा थर. एमआरआयमध्ये मात्र हाडाच्या आतली सूज आधीच दिसते. त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे हाड स्वच्छ आहे असं नाही, आणि दुखणं तसंच राहिलं तर पुन्हा जाऊन तोंडाने सांगावं लागतं, ‘अजून दुखतंय, पुढे काय?’ आपल्याकडे लोक दुसऱ्यांदा जायला लाजतात. किंवा सरळ दुसरा डॉक्टर गाठतात, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

नडगी दुखली की ते फ्रॅक्चरच, असं मात्र मुळीच नाही. नवीन पळणाऱ्यांमध्ये जास्त करून जे दिसतं त्याला शिन स्प्लिंट म्हणतात. त्यात नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या अर्ध्या-पाऊण भागात, तीन बोटांहून लांब असा पट्टाच्या पट्टा दाबल्यावर दुखतो. फ्रॅक्चरमध्ये एका बोटाने दाखवता येईल अशी जागा असते. तिथे बोट ठेवलं की माणूस पाय ओढून घेतो. पळायला सुरुवात केल्यावर दुखणं कमी न होता वाढत जातं, त्या एका पायावर उडी मारवत नाही, आणि पुढच्या टप्प्यात रात्री अंथरुणातही ठणकतं. भाच्याला मी फोनवर विचारलं, ‘रात्री दुखतं का?’ तो म्हणाला, ‘मामा, रात्रीच जास्त.’ दुसऱ्या दिवशी त्याला सोलापूरला हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

आता माझी टाच.

टाचेच्या मागून पोटरीकडे जाणारी जाड दोरी चिमटीत धरता येते. जुनी माणसं तिला धोंडशीर म्हणत. डॉक्टर अकिलीज टेंडन म्हणतात. शीर म्हटलं तरी तिच्यातून रक्त वाहत नाही, ती स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी आहे. पळताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो. आणि तिचा स्वभाव हाडाच्या नेमका उलट. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं लंगडत टाकावी लागतात, पळायला लागलं की दुखणं विरघळतं, माणूस खूश होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लंगडतो. या ‘विरघळण्या’नेच मी सात महिने फसलो.

पंधरा दिवस आराम केल्यावर दुखणं का थांबायचं आणि परत का यायचं, हे मला फिजिओथेरपिस्ट बाईंनी एका वाक्यात सांगितलं: आराम केल्याने दोरी बरी होत नाही, फक्त गप्प बसते, आणि त्या काळात आणखी कमजोर होते. मग तुम्ही जुन्याच अंतराने, जुन्याच वेगाने पळायला जाता. दोरीची ताकद मात्र पंधरा दिवसांपूर्वीपेक्षा कमी झालेली असते. टेंडनला भार लागतो. मोजून, हळूहळू वाढवत नेलेला भार मिळाला, तरच ती पुन्हा भार पेलायला शिकते.

यामागे एक मजेदार हकिकत आहे. स्वीडनमधल्या उमिओचे हाकान आल्फ्रेडसन हे स्वतः हाडांचे सर्जन, आणि पळणारे. त्यांची धोंडशीर दुखत होती, ऑपरेशन करून घ्यायचं त्यांच्या मनात होतं, पण वरिष्ठांनी नकार दिला: तुम्ही सुट्टीवर गेलात तर काम कोण करणार? चिडून त्यांनी ठरवलं, मग ती तुटेपर्यंत ताणू, तुटल्यावर तरी ऑपरेशन करावंच लागेल. पायरीच्या कडेवर उभं राहून दुखऱ्या पायाची टाच खाली सोडायची, पुन्हा पुन्हा. दोरी तुटायच्या ऐवजी बरी झाली. १९९८ मध्ये त्यांनी पंधरा हौशी खेळाडूंवर हाच व्यायाम करून पाहिलेला अभ्यास प्रसिद्ध केला. बारा आठवड्यांनी ते सगळे पुन्हा पळत होते. व्यायाम असा: दोन्ही पायांनी टाचा वर, मग फक्त दुखऱ्या पायावर सावकाश खाली. पंधराचे तीन गट गुडघा ताठ ठेवून, तीन गट गुडघा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा. एकूण १८०. रोज. बारा आठवडे. आता याचे सौम्य आणि आठवड्यातून तीनदा करायचे प्रकारही आले आहेत, आणि तेही चालतात.

हे वाचून कुणी लगेच जिन्याकडे धावू नये. दोरीच्या मधल्या भागात दुखत असेल तर टाच पायरीच्या खाली सोडायची. दोरी जिथे टाचेच्या हाडाला चिकटते तिथे दुखत असेल तर खाली सोडायची नाही, सपाट जमिनीपर्यंतच यायचं, नाहीतर ती हाडावर दाबली जाऊन आणखी चिडते. दोन जागांत अंतर जेमतेम दोन-तीन बोटांचं. मी आधी व्हिडिओ बघून केलं होतं, आणि अर्थातच चुकीचं केलं होतं.

मग दाखवायचं कुणाला?

आपल्याकडे तीन दारं आहेत, आणि चौथं एक आहे ज्याबद्दल बोलायला हवं. हाडांचे डॉक्टर म्हणजे एमएस किंवा डीएनबी ऑर्थोपेडिक्स. स्पोर्ट्स मेडिसिनचे डॉक्टर मोठ्या शहरांत भेटतात, संख्येने थोडे. आणि फिजिओथेरपिस्ट, म्हणजे बीपीटी ही फिजिओथेरपीची पदवी, त्यापुढे काहींचं स्पोर्ट्समध्ये एमपीटी. माझं मत असं: हाडाची शंका असेल, सूज असेल, रात्री ठणकत असेल तर आधी डॉक्टर, कारण तपासण्या त्यांनीच लिहून द्यायच्या असतात. सकाळचं आखडणं, गुडघ्याच्या वाटीभोवतीचं दुखणं, तळपायाचं टाचेखालचं दुखणं, वारंवार धरणारी पोटरी असं असेल तर थेट चांगल्या फिजिओकडे गेलं तरी चालतं; काही वेगळं वाटलं तर तेच डॉक्टरकडे पाठवतात. पाठवत नसतील तर ती शंकेची जागा.

पैशाचा प्रश्न खरा आहे. भरतीची मुलं काही खासगी स्पोर्ट्स क्लिनिकच्या फिया भरू शकत नाहीत. जिल्हा रुग्णालयात हाडांची ओपीडी असते, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग असतो, आणि मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांना जोडून तर फिजिओथेरपीची शिक्षणसंस्थाच आहे. रांग लागते, सकाळ जाते. पण शिकवणारी जागा असल्याने तपासणी बहुतेक वेळा सावकाश आणि नीट होते.

चौथं दार म्हणजे हाडवैद्य किंवा मालिशवाला. गावात तोच जवळ, तोच ओळखीचा, आणि हात बसवण्यात त्याचा हातखंडाही असेल. पण नडगीत तडा असताना तेल लावून जोरात चोळलं तर तडा मिटत नाही, आणि पोटरी सुजून गरम, लाल झाली असेल तर ती रक्ताची गुठळीही असू शकते. तिथे चोळणं जिवावर बेतू शकतं.

पहिल्या भेटीत काय व्हायला हवं

आधी तर प्रश्न, आणि ते भरपूर. पळणारा पडत नाही, त्याला मार लागत नाही. त्याचं दुखणं गेल्या दोन-तीन महिन्यांच्या हिशेबात लपलेलं असतं. म्हणून जाताना हिशेब घेऊन जा: दर आठवड्याला किती किलोमीटर, त्यात अचानक वाढ कधी झाली, चढ कधी सुरू केला, बूट कधी बदलले, झोप किती. साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनसाठी पुण्या-मुंबईचे लोक जून-जुलैत एकदम घाट चढायला लागतात. धोंडशिरी आणि पोटऱ्या त्याच सुमारास बोलायला लागतात. माझंही तसंच झालं होतं, पण विचारेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी टाचेचा दोष बुटाला देत होतो. जुने बूट पिशवीत घालून न्या, त्यांची झीजही काही सांगते.

चालू असलेली औषधंही सांगा, अगदी संपलेलीसुद्धा. जुलाबासाठी किंवा लघवीच्या संसर्गासाठी आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांनी टेंडन दुखावू किंवा तुटू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये यासाठी सर्वांत ठळक पातळीचा इशारा छापायला लावला. मेडिकलवरून परस्पर घेतलेल्या गोळीची आठवण आपल्याला राहत नाही, आणि टाचेशी तिचा संबंध असेल हे तर सुचतही नाही.

मग खाणं. हा विषय निघाला नाही तर आपणच काढावा. पळण्यात जेवढं जळतं त्यापेक्षा कमी खात राहिलं तर शरीर काटकसर करतं, आणि त्या काटकसरीत हाडाची दुरुस्ती मागे पडते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीला रेड-एस असं नाव दिलं. मुलींमध्ये पाळी लांबणं किंवा बंद होणं ही तिची स्पष्ट खूण. ‘पळते म्हणून पाळी येत नाही, चांगलंच झालं’ असं मी एका मैदानावर कानांनी ऐकलं आहे. ते चांगलं नाही. अशा मुलीचं हाड मोडायची शक्यता वाढते, आणि तिला फक्त हाडांच्या डॉक्टरकडे नेऊन भागत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञही लागतात. मुलगे यातून सुटलेत असंही नाही. भाचा पहाटे चारला नुसत्या चहावर पळायचा, वजन मुद्दाम कमी ठेवायचा आणि आठवड्यातून दोन उपास करायचा.

प्रश्न झाले की हात लावून तपासणी, आणि मग हालचाल. एका पायावर टाच किती वेळा उचलता येते? माझ्या डाव्या पायाने सव्वीस वेळा उचलली, दुखऱ्या उजव्याने अकरा. हा आकडा मला एमआरआयपेक्षा जास्त उपयोगी पडला, कारण तो मोजून वाढवता येत होता. एका पायावर बसणं, उडी, चालणं, आणि ट्रेडमिलवर किंवा मोकळ्या रस्त्यावर पळतानाचा फोनवरचा व्हिडिओ. झोपवून, मशीन लावून, पंधरा मिनिटांत मोकळं केलं तर पळणाऱ्याची तपासणी झालेली नाही.

मशीनचं माझं एक दुखणं आहे, ते इथे सांगून टाकतो. या बाईंच्या आधी मी घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये दहा सिटिंगचं पॅकेज घेतलं होतं. रोज करंट, अल्ट्रासाउंड, शेक, वर रंगीत टेप. बरं वाटायचं, संध्याकाळपर्यंत. दहा दिवसांत मला पळताना कुणी पाहिलं नाही आणि घरी करायला एकही व्यायाम दिला नाही. मशीन वाईट नसतं. दुखणं थोडं कमी झालं तर व्यायाम करायला सोपं जातं. पण नुसत्या मशीनने दोरी बळकट होत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा: नेमकं काय झालंय, बरं व्हायला किती आठवडे लागतील, घरी मी काय करायचं, आणि चार आठवड्यांत फरक पडला नाही तर तुम्ही काय बदलाल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे थांबा.

इंजेक्शनबद्दलही विचारा. टेंडनजवळ दिलेल्या स्टिरॉइडने काही आठवडे छान वाटतं, पण धोंडशीर तुटायचा धोका असल्याने जाणकार डॉक्टर तिथे ते टाळतात. आणि स्पर्धेच्या दिवशी डायक्लोफिनॅकसारखी गोळी घेऊन पळणं सोडा. घामाने पाणी कमी झालेल्या अंगात ती मूत्रपिंडावर जाते, शिवाय आतल्या तड्याचं दुखणं झाकून ठेवते.

एमआरआयची घाई करणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. काहीही न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले तरी त्यात झीज, फाट, सूज असले शब्द सापडतात. चाळिशीनंतर तर हमखास. रिपोर्ट हातात घेऊन माणूस घाबरतो आणि गुडघा जपायला लागतो. हाडाची शंका असेल तर एमआरआय सोनं आहे. इतर बहुतेक वेळा त्याआधी तपासणारा हात लागतो.

काही खुणांना मात्र थांबायचं नाही. जांघेत किंवा खुब्यात खोल दुखणं, जे पाय टेकला की वाढतं: मांडीच्या हाडाच्या मानेत तडा असू शकतो, तो सरकला तर ऑपरेशन, त्यामुळे खात्री होईपर्यंत त्या पायावर भारच द्यायचा नाही. टाचेमागे काठी मारल्यासारखा ‘फट’ आवाज आणि चवड्यावर उभं राहता न येणं. एका पोटरीला सूज, आणि त्यात दम लागणं. कंबर दुखताना लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा जांघेत बधिरपणा. यांसाठी फिजिओची अपॉइंटमेंट घेऊ नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

परत पळणं

इथेही आमच्या दोघांचे नियम वेगळे निघाले. मला सांगितलं, शून्य ते दहाच्या मापात दोन-तीनपर्यंत दुखलं तरी पळ, अट एकच: दुसऱ्या दिवशी सकाळी आखडणं आदल्या दिवसापेक्षा जास्त नको. सकाळची दहा पावलं हाच माझा रिपोर्ट. जास्त आखडलं तर अंतर कमी, नाही आखडलं तर पुढच्या आठवड्यात थोडं जास्त. अंतर आणि वेग एकाच वेळी वाढवायचे नाहीत. बारा आठवड्यांनी टाच बरी झाली नव्हती, बरीशी झाली होती. पूर्ण विसरायला नऊ महिने लागले.

भाच्याला दोन-तीनचीही मुभा नव्हती. हाडाला शून्यच. एमआरआयमध्ये नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागात तडा निघाला. आधी काठी, मग दुखल्याशिवाय चालणं, मग सलग अर्धा तास झपाझप चालणं, बोटाने दाबून न दुखणं, एका पायावर उडी न दुखणं. एवढ्या सगळ्यानंतर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, तेही एक दिवसाआड आणि मातीवर. मधल्या काळात सायकल, पाण्यात पळणं, वरच्या अंगाचे व्यायाम, गोळाफेकीचा सराव. भरतीत गोळाफेकीला तरी पंधरा गुण असतात.

त्या वेळचं ग्राउंड त्याचं हुकलं. अकॅडमीतल्या सरांनी त्याला ‘नाजूक’ म्हटलं, ते त्याला हाडापेक्षा जास्त लागलं. नवव्या आठवड्यात त्याचा फोन आला. ‘मामा, आज उडी मारायला लावली. बारा वेळा. दुखलं नाही.’ मी विचारलं, मग पळायला कधीपासून? म्हणाला, ‘सोमवारपासून, एक मिनिट.’ आणि जरा थांबून, ‘पण ते म्हणाले, आधी नाश्ता करून ये.’